त्याच्यासाठी हाताने केलेलं शुभेच्छापत्र: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आई, बहीण, मैत्रीण यांच्यासाठी कार्ड करायचं म्हटलं की सुचायला वेळ लागत नाही. बाबा, भाऊ, नवरा, मित्र किंवा निवृत्त होणारे साहेब यांच्यासाठी करायचं म्हटलं की हात थबकतो. फुलं नकोत, लेस नको, गुलाबी नको, मग उरलं काय? बरेच जण निळा कागद घेतात, त्यावर एक मिशी नाहीतर टाय चिकटवतात आणि मोकळे होतात. ते कार्ड कुणालाही देता येतं, आणि म्हणूनच ते कुणाचंच नसतं.

माझं म्हणणं असं की 'पुरुषांसाठी कार्ड' असा प्रकार डोक्यातून काढूनच टाका. कार्ड एका माणसासाठी करायचं असतं. तो दिवसभर कशाला हात लावतो, ते आठवा. पान्हा, पट्टी, कॅमेरा, बुद्धिबळाचा पट, सायकल, रोपांच्या कुंड्या, खिशाला लावलेलं तेच ते जुनं पेन. यातली एकच वस्तू निवडा आणि पूर्ण कार्ड तिच्यावर उभं करा. दोन वस्तू सुचल्या तर दुसरी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. अशा कार्डावर सजावट कमी असते, त्यामुळे चुका झाकायला जागा नसते. वाकडी कड फुलाखाली दडते, साध्या करड्या कागदावर ती उठून दिसते. म्हणून कापणं आणि घडी घालणं या दोन गोष्टी नीट शिकून घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

सामान

फार काही लागत नाही. कटर आणि त्याची नवी पाती, स्टीलची पट्टी, कापण्यासाठी खाली ठेवायची चटई किंवा जाड पुठ्ठा, पेन्सिल, खोडरबर, कात्री, डबल साइड टेप, फोम टेप, फेविकॉलसारखा पांढरा गोंद आणि रिफिल संपलेलं एक बॉलपेन. हे शेवटचं फेकू नका, घडीसाठी त्याच्याइतकं उपयोगी हत्यार घरात दुसरं नाही. प्लॅस्टिकची पट्टी मात्र कटरसोबत वापरू नका. पातं तिच्यात घुसतं, पट्टीला खाच पडते आणि पुढची प्रत्येक रेघ तिथे उडी मारते.

कागदाची जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. प्रिंटरचा नेहमीचा कागद 70 ते 80 जीएसएमचा असतो. कार्डाच्या मूळ घडीसाठी 250 ते 300 जीएसएम घ्या. त्याहून पातळ घेतलं तर कार्ड उभं राहत नाही, पोटात वाकतं. वर चिकटवायच्या थरांना 120 ते 160 जीएसएम पुरतो. सगळेच थर जाड घेतले तर कार्ड नीट मिटत नाही आणि पाकिटात जाताना अडतं.

रंगांबद्दल माझं मत ठाम आहे: तीनच. एक गडद, एक फिका आणि एक जरा बोलका. गडद निळा, खाकी आणि विटकरी. राखाडी, पांढरा आणि मोहरीचा पिवळा. शेवाळी, बदामी आणि काळा. त्याला लाल रंग आवडत असेल तर लाल घ्या. 'पुरुषी रंग' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या यादीपेक्षा त्याच्या कपाटातले शर्ट जास्त खरं बोलतात. कागद निवडले की एकमेकांवर ठेवून मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढा. फोटोत दोन रंग सारखेच दिसले तर वस्तू पार्श्वभूमीत विरघळणार, एक बदला. चमकीबद्दल एवढंच सांगते की ती वापरू नका. ती कार्डावर टिकत नाही, त्याच्या शर्टावर आणि टेबलावर मात्र अनेक दिवस टिकते.

आकार आणि घडी

ए-4 कागद 210 × 297 मिलिमीटरचा असतो. तो आडवा मधोमध कापला की दोन ए-5 तुकडे मिळतात, 148 × 210 चे. त्यातला एक तुकडा मधोमध दुमडला की 105 × 148 चं कार्ड तयार होतं. या मालिकेतल्या कागदांच्या बाजूंचं प्रमाण 1 ला 1.414 असं ठेवलेलं असतं, म्हणून कितीही वेळा अर्धा केला तरी आकाराचा तोल तोच राहतो. नव्याने करणाऱ्यांना हाच आकार बरा. एका कागदात दोन कार्डं निघतात, एक सरावाला आणि एक द्यायला.

आता घडी. कागद कारखान्यात तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एका दिशेने लागतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सरळ आणि स्वच्छ पडते. आडवी घातली तर जाड कागद घडीवर फुटतो, आतले पांढरे तंतू बाहेर दिसतात. गडद रंगाच्या कार्डावर तर ही फाटकी पांढरी रेघ लगेच डोळ्यात भरते. दिशा ओळखायला सोपा उपाय आहे. कागद टेबलावर ठेवा, एक कड उचलून समोरच्या कडेकडे हलकेच वाकवा, घडी पाडू नका. तळहाताने वरून जरा दाबून बघा. मग कागद फिरवून दुसऱ्या दोन कडांनी तेच करा. ज्या वेळी कागद कमी विरोध करतो, ती वाकण्याची रेघ तंतूंना समांतर. ए-4 मध्ये तंतू लांब बाजूने धावत असतील तर वर सांगितलेल्या पद्धतीने कापलेल्या ए-5 तुकड्याची घडी आपोआप तंतूंना समांतर येते. पण तोच ए-4 न कापता सरळ मधोमध दुमडून मोठं कार्ड केलं तर घडी तंतूंच्या आडवी जाते. मोठी कार्डं घडीवर फुटतात त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

घडी कधीच नुसत्या बोटांनी घालू नका. ए-5 तुकड्याच्या लांब बाजूवर वर आणि खाली 105 मिलिमीटरवर खुणा करा. पट्टी लावा आणि रिफिल संपलेल्या बॉलपेनाने दोन-तीनदा दाबून रेघ ओढा. कागद कापला जाता कामा नये, फक्त दबला पाहिजे. रेघेमुळे एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा येतो. उंचवटा कार्डाच्या आत राहील अशी घडी घाला, म्हणजे खाच बाहेर. उलट दिशेने दुमडण्याचा मोह होतो, कारण कागद खाचेकडे वळेल असं वाटतं. पण उंचवटा आत राहिला की घडीच्या बाहेरच्या थरावर ताण कमी येतो. शेवटी घडीवर कोरा कागद ठेवून चमच्याच्या पाठीने दाबत न्या. मध्ये कागद न ठेवता घासलं तर गडद कार्डावर चमकदार पट्टा उमटतो आणि तो जात नाही.

कापताना एका दमात आरपार जाऊ नका. 300 जीएसएमचा कागद तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापायचा. पहिली फेरी फक्त वाट दाखवते. पट्टी नेहमी ठेवायच्या भागावर ठेवा, म्हणजे पातं घसरलं तरी टाकाऊ भागात जाईल. पट्टी धरलेल्या हाताची बोटं कडेपासून मागे, आणि कटर कधीही स्वतःच्या दुसऱ्या हाताच्या दिशेने ओढायचा नाही. पातं बोथट झालं की कागद कापत नाही, ओढतो. कडेला लव दिसू लागली की पातं बदला.

पहिलं कार्ड: त्याचा शर्ट

शर्टाचं कार्ड फार लोकप्रिय आहे आणि बहुतेक वेळा ते कुणाचाही शर्ट असतं. आपण त्याचा शर्ट करू. तो चौकटीचा घालतो की उभ्या रेघांचा? खिशात पेन असतं, चष्मा असतो, की घडी घातलेला कागद? गणवेश असेल तर त्याचा रंग कोणता, खांद्यावर पट्टी आहे का? हे आधी आठवून कागदावर लिहा.

1. कार्डाची मूळ घडी 105 × 148 ची, गडद रंगात. घडी डावीकडे.

2. शर्टासाठी 120 जीएसएमचा कागद 99 मिलिमीटर रुंद आणि 142 उंच कापा. एका बाजूने छापील आणि मागून कोरा पांढरा असेल तर उत्तम. का ते पुढे कळेल. चौकटी हाताने काढायच्या असतील तर कापण्याआधी काढा. बारीक पेनाने 5 मिलिमीटर अंतरावर उभ्या आणि आडव्या रेघा, आणि दर तिसरी रेघ दुसऱ्या रंगाने.

3. वरच्या कडेपासून 20 मिलिमीटर खाली, डाव्या कडेपासून आत 28 मिलिमीटर आडवी चीर द्या. उजवीकडूनही तशीच. मध्ये 43 मिलिमीटर कागद जोडलेला राहतो.

4. डाव्या चिरेच्या आतल्या टोकापासून वरच्या कडेपर्यंत, मध्याकडे झुकणारी 45 अंशांची रेघ बॉलपेनाने दाबा. ती वरच्या कडेला डावीकडून 48 मिलिमीटरवर पोचली तर कोन बरोबर आहे. उजवीकडे आरशातल्यासारखी तशीच रेघ.

5. आता दोन्ही पट्ट्या या रेघांवर पुढे दुमडा. त्या सरळ खाली लटकतात आणि कॉलर तयार होते. दोन्हींच्या मध्ये 3 मिलिमीटरची फट राहते, तिथे बटणपट्टी येईल. पट्टी दुमडल्यावर कागदाची मागची बाजू पुढे येते, म्हणून मागून पांढरा कागद घेतला असेल तर चौकटीच्या शर्टाला पांढरी कॉलर मिळते. कॉलरही चौकटीचीच हवी असेल तर कागद दोन्ही बाजूंनी रंगवावा लागेल.

6. कॉलरची टोकं सध्या चौकोनी आहेत. कात्रीने तिरपी छाटा, आतली बाजू 5 ते 6 मिलिमीटर आखूड करून. एक बाजू छाटून झाली की निघालेला तुकडा उलटा करून दुसऱ्या टोकावर ठेवा आणि त्याच्या कडेने पेन्सिलची खूण करा. दोन्ही टोकं हुबेहूब होतात.

7. शर्ट मूळ कार्डावर डबल साइड टेपने चिकटवा. आधी टेप शर्टाच्या मागे चारही कडांलगत लावा. वरचा कागद एका कोपऱ्यातून थोडाच सोलून शर्ट जागेवर ठेवा, डोळ्याच्या पातळीवर धरून बघा आणि मगच उरलेला कागद ओढा. एकदा बसलेली टेप सरळ करता येत नाही.

खांद्यांच्या वर आता गडद कार्ड दिसतं आणि गळ्याचा आकार आपोआप उठून येतो. टाय हवा असेल तर 85 मिलिमीटर लांब पट्टी, वर 12 रुंद आणि खाली 22, शेवटी टोकदार. गाठ म्हणून एक छोटा तुकडा, वर रुंद आणि खाली निमुळता. टायचं वरचं टोक कॉलरच्या पट्ट्यांखाली सरकवा. पण तो रोज टाय लावत नसेल तर टाय नकोच. त्याऐवजी मधून 12 मिलिमीटरची बटणपट्टी आणि चार गोल तुकडे. कागदी पंच यंत्राने पडलेले गोल यासाठी अगदी मापाचे असतात. प्रत्येक बटणावर सुईने दोन बारीक भोकं पाडा. एवढ्याशा गोष्टीने कागदाचा ठिपका बटण होऊन जातो.

माझ्या मते या कार्डाचा जीव खिशात आहे. 30 × 34 मिलिमीटरचा तुकडा घ्या, खालचे दोन कोपरे तिरपे छाटा. पांढऱ्या जेल पेनाने कडेपासून 2 मिलिमीटर आत शिवण काढा: 3 मिलिमीटरची रेघ, 2 ची मोकळी जागा, परत रेघ. खिसा फक्त तीन बाजूंनी चिकटवा, वरून उघडा ठेवा. त्यात बोटभर चिठ्ठी मावते. खरा संदेश तिथे लिहा, आत नको. तो कार्ड उघडून बघेल, मिटेल, आणि मग खिशातलं टोक त्याला दिसेल.

दुसरं कार्ड: ओढायची मोजपट्टी

सुतारकाम करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, घर दुरुस्त करत बसणाऱ्या माणसासाठी, किंवा ज्याच्या कामाची वर्षं मोजायची आहेत अशा निवृत्त होणाऱ्या माणसासाठी हे कार्ड छान जमतं. कार्ड आडवं ठेवा, घडी वर. पिवळ्या कागदाची 20 मिलिमीटर रुंद आणि 120 लांब पट्टी कापा. तिच्यावर खऱ्या मोजपट्टीसारख्या खुणा करा: दर मिलिमीटरला आखूड रेघ, 5 ला मध्यम, 10 ला लांब. या मिलिमीटरच्या खुणा करायला चिवटपणा लागतो, पण त्या गाळू नका. ज्याच्या हातात खरी पट्टी रोज असते त्याला पहिल्यांदा त्याच दिसणार. सेंटिमीटरच्या आकड्यांऐवजी त्याच्या आयुष्यातली वर्षं लिहा. पहिली नोकरी, घर, मुलीचा जन्म, ज्या वर्षी पहिली मोटारसायकल आली ते वर्ष. ही वर्षं घरातल्या कुणाकडून तरी आधी खात्री करून घ्या.

पट्टीच्या डाव्या टोकाला मागून 30 मिलिमीटर उंच तुकडा चिकटवा, तो अडसर आहे. पट्टी मूळ कार्डावर ठेवा, उजवं टोक कडेच्या किंचित बाहेर. तिच्या वर आणि खाली फोम टेप लावायची, पण पट्टीला चिकटून नाही, अडसराला सरकायला जागा ठेवून. उजव्या कडेजवळ मात्र टेपचे दोन छोटे तुकडे आत घ्या, त्यांच्यामध्ये 22 मिलिमीटरची वाट ठेवा. यातून 20 ची पट्टी सुटेल आणि 30 चा अडसर अडकेल. वरून झाकणाचा कागद बसवण्याआधी चार-पाच वेळा ओढून बघा. फोम टेपच्या उघड्या चिकट कडांना पट्टी अडकत असेल तर त्या कडांवर बोटाने थोडी टाल्कम पावडर लावा.

ही दोन कार्डं जमली की बाकीच्या कल्पना तुमच्या तुम्हाला सुचतील. बुद्धिबळ खेळणाऱ्यासाठी 10 मिलिमीटरच्या चौकोनांचा 80 × 80 चा पट आणि त्यावर तुम्हा दोघांत झालेल्या एखाद्या डावाची शेवटची स्थिती. भटक्यासाठी त्याने चाललेल्या वाटेचा नकाशा, वाट लाल दोऱ्याने टाचलेली. यंत्रात रमणाऱ्यासाठी नालीदार पुठ्ठा: वरचा पातळ कागद ओल्या स्पंजने हलका भिजवून सोला, आतल्या नळ्या उघड्या पडतात आणि त्यांवर राखाडी रंगाचा कोरडा ब्रश फिरवला की पत्र्याचा भास होतो. पुठ्ठा पूर्ण वाळल्याशिवाय चिकटवू नका.

पांढऱ्या गोंदाबद्दल एक सूचना. त्यात पाणी असतं, त्यामुळे मोठ्या थराला भरपूर लावला तर कागद फुगतो आणि वाळताना कार्ड वाकतं. मोठे सपाट थर टेपने लावा, गोंद फक्त बटणं आणि दोरा यांसारख्या बारीक गोष्टींसाठी.

अक्षरं आणि मजकूर

देवनागरी लिहिताना आधी शिरोरेषा आखून घ्या आणि अक्षरं तिला टांगा. खालच्या ओळीवर बसवायला गेलात तर अक्षरं वर-खाली होतात. वेलांटी आणि मात्रा वर जातात, उकार खाली येतो, म्हणून दोन ओळींत अक्षराच्या उंचीइतकी तरी जागा ठेवा. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' हे 105 मिलिमीटरच्या रुंदीत एका ओळीत कोंबू नका, तीन ओळी करा. आधी कच्च्या कागदावर लिहा, तो तुकडा कापून कार्डावर सरकवून बघा, जागा ठरली की मगच पेन. कार्ड गडद असेल तर आत 80 ते 100 जीएसएमचा पांढरा कागद लावा. जेल पेनाने लांबलचक मजकूर लिहिण्यापेक्षा ते वाचायला सोपं.

मजकूर लिहिताना बरेच जण अडखळतात, कारण वडिलांना किंवा भावाला मनातलं बोलायची सवय नसते. मोठी वाक्यं शोधू नका. एक घडलेली गोष्ट लिहा. 'बाबा, सायकल शिकवताना तुम्ही सीट कधी सोडलीत ते मला अजून कळलेलं नाही.' किंवा मित्राला, 'तुझा बारा नंबरचा पान्हा माझ्याकडेच आहे. या वेळी घेऊनच येतो.' साहेबांना, 'पहिल्या महिन्यात माझं पत्र तुम्ही चारदा परत पाठवलंत. पाचव्यांदा सही केलीत तेव्हा मी ते घरी दाखवलं होतं.' 'जगातला सर्वोत्तम बाप' असं छापील कार्डावरही असतं. सायकलची सीट फक्त तुमच्याकडे आहे.

पाकीट

तयार पाकीट घ्यायचं तर सी-6 मापाचं, 114 × 162 मिलिमीटर. फोम टेपने उंच झालेलं कार्ड त्यात घट्ट बसतं, त्यासाठी घरीच केलेलं बरं, आणि ते एका ए-4 मध्ये निघतं. 100 ते 120 जीएसएमचा कागद 202 × 278 चा कापून उभा ठेवा. डावीकडून 20 आणि 182 वर उभ्या रेघा दाबा. वरून 50 आणि 164 वर आडव्या. वरच्या 50 च्या भागाला आणि सगळ्यात खालच्या भागाला लागून असलेल्या 20 मिलिमीटरच्या बाजूच्या पट्ट्या कापून टाका; मधल्या भागाच्या दोन तेवढ्या राहू द्या. त्या आत दुमडा, त्यांवर टेप लावा आणि खालचा भाग वर दुमडून त्यांवर दाबा. कार्ड जाड असेल तर उभ्या आणि आडव्या प्रत्येक घडीशेजारी 3 मिलिमीटरवर आणखी एक रेघ दाबा, पाकिटाला तेवढी जाडी मिळते.

तयार कार्ड दोन कोऱ्या कागदांत ठेवून जड पुस्तकांखाली रात्रभर दाबा. ओढायच्या पट्टीचं कार्ड मात्र दाबू नका, फोम टेप बसते आणि पट्टी अडकायला लागते. पाकिटावर नाव लिहायचं ते कार्ड आत घालण्याआधी, नाहीतर पेनाचा दाब थेट कॉलरवर उमटतो.